दादाच्या केसवरची माणसं

माणूस गेला की घरात डबे साठतात, आणि पोलीस यायला लागले की किस्से. डबे धुऊन परत देता येतात. किस्से कुणाला देणार? जो येतो तो हळूच विचारतो, "पोलीस काय म्हणतात?" पोलीस काही म्हणत नाहीत. म्हणून मी त्यांचे किस्से सांगतो. वहिनी म्हणते, मी फार बोलतो. गप्प बसून तरी कोण परत आलंय?

आमच्या टाकानिनी उपनगरात रेल्वे स्टेशनवरून घरी चालत येताना क्रॉसिंगवर माझ्या मोठ्या भावाला, मिलिंददादाला, एका गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. दादा इंजिनिअर, मी दहावी नापास. त्यानेच मला न्यूझीलंडला आणून स्कॅफोल्डिंगच्या, म्हणजे परांच्या बांधायच्या कामाला लावलं. त्याची केस दोन डिटेक्टिव्हांकडे आली. ग्रॅहम म्हणजे टकला, दाराएवढा साहेब, आणि अरोहा ही त्याच्या हाताखालची, इथल्या मूळच्या माओरी लोकांतली बाई. मला एकच पाहिजे होतं. त्या ड्रायव्हरचं तोंड बघायचं होतं, आणि बघून ते फोडायचं होतं. हे मी दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ग्रॅहम म्हणाला, "समजू शकतो, मेट. पण मला असलं सांगत जाऊ नकोस."

* * *

दोघं पहिल्यांदा घरी आले तेव्हा दारात बूट काढून आले. ग्रॅहमच्या मोज्यातून अंगठा बाहेर. सोफ्यावर बसून त्याने विचारलं, "मिलिंदचं कुणाशी भांडण होतं का?"

"होतं ना," मी म्हटलं. "माझ्याशी."

वहिनीने कपाळाला हात लावला. अरोहाचं पेन थांबलं.

"कशावरून?"

"दहावीला परत बस म्हणत होता."

"आणि त्या संध्याकाळी तू कुठे होतास?"

मी उत्तर द्यायच्या आत वहिनी बोलली. "पहाटेची शिफ्ट करून आले होते भाऊजी, झोपले होते. त्यांना उठवायला दोन माणसं लागतात."

मग म्हणाली, "आता एकच उरलंय."

* * *

माझं इंग्रजी साइटवरचं. शिव्या, हत्यारं आणि स्मोको म्हणजे चहाची सुट्टी, एवढंच. म्हणून जबाबाच्या दिवशी त्यांनी फोनवर एक मराठी दुभाषी बाई दिली. आवाज गोड, मराठी एकदम शुद्ध. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. बाईने आडनाव परत उच्चारलं. मग म्हणाली, "हो का. तुम्ही मूळचे कुठले?"

"नांदेडचे."

"नाही, म्हणजे मूळचे?"

सात समुद्र ओलांडून दादा इथे आला, मेला, तरी हा प्रश्न काही मरेना.

ग्रॅहमने विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"आमची जात शोधतेय."

"माझ्या प्रश्नात ते होतं?"

"नव्हतं."

ग्रॅहम फोनपाशी वाकला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, या खोलीत डिटेक्टिव्ह मी आहे."

* * *

इथे मोठ्या केसला एक नाव देतात. दादाच्या केसला मिळालं 'ऑपरेशन टीकप'. ऑफिसात बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी दारातून वाचलं आणि भडकलो.

"माझा भाऊ कपबशी आहे काय?"

ग्रॅहम म्हणाला, "नाव कॉम्प्युटर काढतो, मेट. त्याला काही अर्थ नसतो."

"मग पुसा."

"पुसता येत नाही."

तिथून मला बाहेर काढायला दोघं लागले. पुढच्या वेळी गेलो तर टीकप होतंच. पण त्याच्या खाली अरोहाने लिहिलं होतं, 'मिलिंद. चहा घेत नसे.' तिने हे वहिनीला कधी विचारलं, कुणास ठाऊक.

* * *

पोस्टमॉर्टेम होईपर्यंत दादाला घरी देणार नव्हते. मी त्याचे पांढरे कपडे घेऊन गेलो तर शवागाराच्या बाहेरच्या खुर्चीवर अरोहा. साध्या कपड्यांत, मांडीवर शब्दकोडं.

"ड्युटी?"

"ड्युटी सकाळीच संपली."

"मग इथे काय करतेस?"

"आमच्यात गेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. तुम्ही येईपर्यंत कुणीतरी हवं ना?"

मी तिच्या शेजारी बसलो. तिने कोड्यातला एक शब्द विचारला, मला आला नाही. मग आम्ही दोघं नुसतेच बसलो.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नांदेडच्या काकांना हे सांगितलं. काकांनी मान डोलवली. म्हणाले, "ओव्हरटाइम चांगला मिळत असेल तिकडे."

* * *

आता आपल्या माणसांचा एक ऐका. आमच्या मराठी ग्रुपमधला एक जण रोज खिचडी आणायचा. दारात वहिनीला हात जोडायचा, डोळे पुसायचा. त्याचं घर बरोबर त्या क्रॉसिंगसमोर. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं होतं की दारावरचा कॅमेरा बंद आहे.

एकदा त्याचा डबा परत द्यायला मी गेलो. बेल दाबली तर कॅमेऱ्याचा निळा दिवा माझ्याकडे टकामका बघतोय.

"हा चालू आहे," मी म्हटलं.

त्याने मला बाजूला घेतलं. "अरे, आमची रेसिडेन्सीची फाइल इमिग्रेशनकडे आहे. पोलिसांत नाव नको यायला. तू लहान आहेस, पण समजून घे."

मी त्याची कॉलर धरली होती. त्याची मुलगी आतून म्हणाली, "Dad, who is it?" म्हणून सोडली.

मी अरोहाला फोन केला. ती गेली, दारात बूट काढले, त्याचा चहा प्याली आणि व्हिडिओ घेऊन आली. नंबर दिसत नव्हता. पण गाडी दिसली. चंदेरी, डावा दिवा फुटलेला.

दुसऱ्या दिवसापासून खिचडी बंद.

* * *

मग मी गाड्या शोधत सुटलो. नव्या वसाहतींत, डेअरीच्या म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बाहेर, जिमच्या बाहेर, जिथे चंदेरी गाडी दिसेल तिथे वाकून डावा दिवा बघायचा. फुटका दिसला की फोटो काढून ग्रॅहमला. एका बाईने मला चोर समजून कुत्रं सोडलं. ग्रॅहम प्रत्येक फोटोला लिहायचा, 'चीअर्स, मेट.' म्हणजे आभार, मित्रा.

एकदा थेट पोलीस स्टेशनच्या मागे गाडी सापडली. चंदेरी, डावा दिवा फुटलेला, टेप लावलेला. फोटो पाठवला. या वेळी 'चीअर्स' आलं नाही. ग्रॅहम स्वतः बाहेर आला.

"ती माझी आहे."

मी पुन्हा वाकून दिवा बघितला.

"बायकोने लेटरबॉक्सला ठोकली," तो म्हणाला. मग खिशातून फोन काढून मोडक्या लेटरबॉक्सचा फोटो दाखवला.

"हा जवळ घेऊन फिरतोस?"

"तुझ्या आधी अरोहाने पुरावा मागितला होता."

* * *

एका दुपारी ग्रॅहमचा वहिनीला फोन आला. एक जण स्टेशनात आलाय, गाडीही मिळालीय. संध्याकाळी घरी येऊन सगळं सांगतो, तोवर धाकट्याला घरीच ठेवा. वहिनी हे मला सांगत होती तोवर मी दाराबाहेर होतो. अंगात कामाचं केशरी जाकीट, कमरेला स्कॅफोल्डचा लोखंडी पाना.

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "डिटेक्टिव्ह आत आहेत. बस, थांबावं लागेल."

बाकावर आधीच एक जण होता. माझ्याच वयाचा, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत कुणाचा तरी बेल्ट, घड्याळ आणि बुटांच्या नाड्या. त्याने सरकून मला जागा दिली.

मग तोच म्हणाला, "भावाला घेऊन आलो. मोठा आहे माझा." पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली. "त्याने गाडीने एका माणसाला मारलं. सांगत नव्हता कुणाला. रात्रभर रडायचा. शेवटी मीच आणलं."

माझा हात पान्यावर गेला.

"आई मला म्हणते, आता घरी येऊ नकोस."

आतलं दार उघडलं, कुणीतरी डोकावून गेलं, दार बंद झालं.

त्याने नाक पुसलं आणि माझ्या जाकिटाकडे बघितलं. "आणि तू? तू कशाला आलायस?"

पाना कमरेत रुतत होता.

"पाकीट हरवलंय," मी म्हटलं.

"मिळेल, ब्रो," तो म्हणाला. "इथे लोक आणून देतात."