सुनंदाबाईंची वेचणीची पिशवी

आम्हाला कॉलेजात शिकवणाऱ्या सुनंदाबाईंवर मी लिहावं, हा आगाऊपणाच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला; लिहिताना हात अजून अडखळतो... क्षमा असावी. पण शोकसभेत आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "बाईंच्या संशोधनाचा मी आधारस्तंभ होतो," आणि राहवलं नाही. बाईंनी कॅमेरा मागितला की याच आधारस्तंभाला कपाटाची किल्ली सापडत नसे.

काम करताना शरीर कसं वाकतं, भार कुठं पडतो, हा बाईंचा अभ्यास. कापूस वेचताना बायका पोटाशी कापडाची ओटी बांधतात. ती भरत गेली की सगळं ओझं कमरेला ओढतं. बाई डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या तांड्यावर आल्या, याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, खांद्याला, कमरेला, गुडघ्याला पांढऱ्या टिकल्या चिकटवल्या आणि कॅमेरा लावून उन्हात उभ्या राहिल्या. बांधावर बसलेली माणसं खिदळली, "काहून हो बाई, बायांचं वाकणं बघायचा पगार भेटतो का?"

"व्हय," बाई म्हणाल्या, "अन् तुमचं बसणं फुकटात बघून राहिले."

सरांचं शास्त्र वेगळं. त्यांनी कॉलेजातल्या एका पैलवान पोराला ओटी बांधली, गुळगुळीत फरशीवर चालवलं आणि निष्कर्ष काढला: तकलीफ नाही. या विद्वत्तेला मी आजही हात जोडतो... लांबूनच.

बाईंनी मग दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेऊन पोटावर राहणारी पिशवी शिवली. तशा दोन केल्या; एक सरांना दिली, एक याडीला. मला म्हणाल्या, "नाव कुणाचंही लागू दे. पण वावरातल्या बाईनं बांधून वेचल्याशिवाय हिला कुणी पास-नापास करू नये." सरांनी न बघताच शेरा मारला, 'हे शिवणकाम आहे', आणि पिशवी कपाटात टाकली. यंदाच्या वेचणीच्या तोंडावर बाई आजारानं गेल्या.

परवा याडीनं गावातल्या बूथवरून होस्टेलला फोन केला. डोंगरकड्याच्या कृषी प्रदर्शनात सरांनी ती पिशवी स्वतःचा शोध म्हणून दाखवली, शाल-नारळ घेतला.

"अंगात घालून दाखवली रे, पर पाठीवर! गोणी लादलेला बैल दिसत व्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"अन् तू?"

"मी वेचणीवरून तशीच गेले व्हते. बाईंची पिशवी पोटावर बांधून, त्याच्या म्होरं उभी."