चावी घेण्याआधीचा प्रश्न

पनवेलजवळच्या एका गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवतो. सकाळी चावी देताना सुपरवायझर प्रत्येकाला विचारतात, ‘झोप झाली का?’ सगळे सवयीने ‘झाली’ म्हणतात. नव्या गोळ्यांनी मला गुंगी यायला लागली, तरी आठवडाभर मीही तेच म्हणत राहिलो. मग एकदा खोक्यांच्या थप्पीवर गाडी आदळता आदळता वाचली. दुसऱ्या दिवशी मी खरं सांगितलं.

त्यांनी माझी चावी परत खिळ्याला अडकवली. माझं डोकंच फिरलं.

‘खरं बोलणाऱ्यालाच शिक्षा?’ मी ओरडलो.

सुपरवायझर मूळचे जवळच्याच ओवे गावचे. शांतपणे म्हणाले, ‘शिक्षा नाय रे. आजाराचं नाव मला सांगू नको. गाडी चालवायला चालंल का नाय, एवढंच डॉक्टरकडून लिवून आन. तवर टेबलावर बस, पगार तोच.’

ते नाव मी तिथे सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

महिनाभर पावत्या तपासल्या. डॉक्टरांनी गोळी बदलली, चिठ्ठी दिली. परतलो तेव्हा माझी चावी त्याच खिळ्यावर होती. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

‘झोप झाली का?’

‘झाली,’ मी म्हणालो, आणि खरंच झाली होती.

रांगेत माझ्या मागे उभा असलेला मात्र चावी घ्यायला पुढे आला नाही. मग खाली बघत म्हणाला, ‘साहेब, मीपण गोळ्या घेतो.’