कावळ्यासमोर कबूल केलेली बुडी

“भोक आहे हो तुमच्या कानाच्या पडद्याला, भोक! आणि समुद्राच्या तळाशी जायला निघालात?”

म्हापशाचे कानाचे डॉक्टर एवढ्या मोठ्याने ओरडले की खाली शुक्रवारच्या बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. भोक केवढं? एखादी म्हैस शिंगांसकट पलीकडे जाईल एवढं. म्हैस माझी, डॉक्टर नुसतं भोक म्हणाले होते. बुडीच्या दाखल्यावर सही मात्र त्यांनी केली नाही, आणि त्या सहीशिवाय भावाच्या बेटावर मला कुणी पाण्यात उतरवणार नव्हतं.

मला पोहता येतं ते नार्व्याच्या नदीत, कमरेएवढ्या पाण्यात, तळाला पाय टेकवून. बुडीची हौस धाकट्या भावाची. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर तो पाठीला टाकी बांधून पर्यटकांना प्रवाळ दाखवायचा. दर चतुर्थीला घरी आला की म्हणायचा, “दादा, एकदा ये रे खाली. तिथे तोंडात नळी असते. तेवढीच जगाला तुझ्यापासून विश्रांती.” मी दर वर्षी नवी थाप मारायचो. गेल्या चतुर्थीला तो मोटारसायकल घेऊन डिचोलीला फुलं आणायला गेला. वळणावर ट्रक आला. फुलं घरी आली नाहीत, तोही चालत आला नाही.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. अख्ख्या तालुक्यातले कावळे माडांवर हजर, पण एकही शिवेना. आमच्याकडे अशा वेळी मेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचं मोठ्याने कबूल करतात. काकांनी आईला सांभाळायचं कबूल केलं. कावळे ढिम्म. आई उन्हात उभी, ओठ पांढरे. “काय रवलां रे तुझा, पुता?” असं माडाकडे बघून विचारत होती. मला ते बघवेना. ओरडलो, “येतो रे! तुझ्या बेटावर येऊन बुडी मारतो!” शब्द अजून हवेत होता आणि कावळा पिंडावर. आई मटकन खाली बसली.

मग सुरू झाला तो प्रवास ठरवण्याचा प्रवास. ते बेट एवढंसं की नकाशावर माशी बसली तर झाकून जातं. मोपाच्या विमानतळावरून मुंबई, मुंबईहून युरोप, तिथून आणखी एक देश, मग चिमुकलं विमान, ज्यात बसण्याआधी सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात. ज्या देशात नुसतं विमान बदलायचं, चहासुद्धा प्यायचा नाही, त्याचाही व्हिसा! वर बुडी मारून लगेच विमानात बसायचं नाही, रक्तात बुडबुडे होतात म्हणे. म्हणजे एक दिवस रिकामा. “त्या दिसा तेच्या सोबत्यांका जेवूक घाल,” आई म्हणाली.

दहाव्यापासून ती बोलायचीच थांबली होती. आता बॅगेपुरतं बोलू लागली. बॅग भावाचीच, आत त्याचे पायाला लावायचे वल्ह्यासारखे पंख आणि मुखवटा. वाशाला काटा टांगून आम्ही ती रोज तोलायचो. वजन जास्त भरलं की माझे कपडे बाहेर आणि उकडे तांदूळ, कोकमाची सोलं आत. शेवटी हिशेब असा झाला की मी कॅरिबियनमध्ये लंगोटीवर उतरणार होतो. चालेल, म्हटलं. ती हसली नाही, पण सोलांची पुडी आणखी घट्ट बांधली.

डॉक्टरांकडून डिचोलीच्या बसने परतताना मी थापा जुळवत होतो: बेट बुडालं, वैमानिक संपावर गेले, तिथल्या राणीने समुद्राला कुलूप घातलं. घरी पोचलो तर आई पदराने मुखवट्याची काच पुसत होती. एकही थाप तोंडातून निघेना. म्हटलं, “आई, कान फुटको आसा माझो. खाली जावक मेळना.”

तिने मुखवटा मांडीवर ठेवला. लहानपणी माझा तो कान वाहायचा तेव्हा लसणीचं तेल तीच घालायची. आम्हाला दोघांनाही ते आठवलं नव्हतं, की तिने आठवू दिलं नव्हतं, देव जाणे. मग उठली, बॅग उघडली आणि तांदूळ काढून परत डब्यात ओतू लागली.

“पण आई,” मी म्हटलं, “मगे त्या दिसा कावळो शिवलो तो?”

“भूक लागली होती तेका.”