बिरूचा पुठ्ठा

फोन आला तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. होटगी रस्त्याकडून बिरूचा शेजारी बोलत होता. "तुमचे साडू गेले वो," म्हणाला, आणि मी काही विचारायच्या आत, "ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ पडले होते, टॉर्च हातात तसाच." खरं सांगतो, मला रडू आलं नाही, राग आला. माणूस सकाळी उठून तोंड धुतो, देवाला हात जोडतो, निदान बायकोला चहा टाक म्हणतो... हा गडी उठल्याउठल्या इंजिनाखाली बघायला गेला आणि तिथंच छाती धरून बसला तो उठलाच नाही. जुळे सोलापुरातनं रिक्षानं तिथं पोचेपर्यंत बायको शेजारी हुंदके देत होती आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. मरायला दुसरी जागा मिळाली नाही का रे तुला?

बिरू म्हणजे माझ्या मेव्हणीचा, मंगलचा नवरा. सांगोल्याकडच्या माळावरचा. त्याच्या बापाची मेंढरं, माझ्याही बापाची मेंढरं. मी चार बुकं शिकून कचेरीत चिकटलो. हा आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि शेवटी कुणीतरी कंटाळून विकलेला एक जुना डिझेल ट्रक घेऊन मालक झाला. मालक कसला, त्या ट्रकाचा सालगडीच. कांदा भरायचा, सिमेंट भरायचं, आणि जे मिळेल ते ट्रकाच्याच पोटात घालायचं. मूलबाळ झालं नाही, त्यामुळं लाड करायलाही तोच. मंगल म्हणायची, "ह्यापरास सवत परवडली असती दाजी. तिनं अंगणात तेल तरी सांडलं नसतं."

तेलाचंच सगळं महाभारत होतं. ते इंजिन गळायचं. मंगल सडा घालून रांगोळी काढायची नेमक्या त्याच जागी ट्रक उभा राहायचा, आणि तिथं फरशीवर एक काळा, चिकट डाग पडला होता तो कशानं जायचा नाही. रॉकेलनं नाही, सोड्यानं नाही. शेवटी तिच्या कटकटीला कंटाळून बिरू रोज संध्याकाळी इंजिनाखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवायला लागला. आणि मग त्याला त्याचाच नाद लागला. लोक सकाळी पेपर वाचतात, हा पुठ्ठा वाचायचा. उकिडवा बसून, टॉर्च मारून. हा थेंब ऑइल चेंबरचा, हा पुढच्या कव्हरचा, आणि हे थारोळं पाठीमागचं, क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, सीलचं. मी त्याच्याकडं मुक्कामाला असलो की मलाही ओढून नेऊन दाखवायचा. एवढं कौतुक कुणी बारशाला बाळाचंही करत नाही.

रीतसर मिस्त्रीकडं नेलं नव्हतं असं नाही. ट्रकवाल्यांच्या वस्तीत एक नावाजलेला मिस्त्री आहे, त्याचं नाव घेऊन मी त्याला मोठा करणार नाही. भरघोस मिशा, आणि बोलताना त्यांना पीळ द्यायची सवय. त्यानं इंजिन उतरवलं, जोडलं, आणि गाडी घरी आली त्याच संध्याकाळी पुठ्ठा काळा. बिरू तो पुठ्ठा घेऊन परत गेला. तेव्हा मी सोबत होतो म्हणून सांगतो. चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर मिस्त्री म्हणाला, "डिझेलची गाडी हाय, गळणारच की. मेंढरामागं फिरणाऱ्याला इंजिनातलं काय कळतंय बे? एक दिवस कोरडा पुठ्ठा दाखीव मला, मिशी काढतो." सगळे हसले. बिरूही हसला. माझं मात्र रक्त उसळलं, कारण तो शब्द नुसता बिरूला नव्हता, माझ्या बापालाही होता. अशा माणसांची मला किळस येते. दुसऱ्याच्या बापजाद्यांवर थुंकल्याशिवाय यांना स्वतःची उंची मोजता येत नाही.

त्या दिवसापासून बिरूनं गॅरेजचं नाव टाकलं. इंजिन घरीच काढायचं, घरीच जोडायचं. माझं मत विचाराल तर हा शुद्ध गाढवपणा होता. अपमान झाला तर माणसानं तोंडावर उत्तर द्यावं, अंगणात इंजिन उतरवून काय सिद्ध होतं? पण सांगणार कुणाला! त्यानं लोखंडी पाइपांची तिपाई उभी केली, तिला साखळीची कप्पी टांगली. पुढची जाळी निघाली, रेडिएटर निघाला, पाणी काढलं, तेल काढलं, मागचा गिअरबॉक्स सोडवला, आणि शेजारपाजारच्या बायका पदर तोंडाशी धरून बघत असताना ते धूड झुलत झुलत बाहेर आलं. खाली जुन्या टायरांवर टेकलं तेव्हा बिरूनं त्याला हळद-कुंकू वाहिलं. मग महिनाभर त्या अंगणात चालायला जागा नव्हती. मंगलच्या भाकरीच्या परातीत डिझेल ओतून नट-बोल्ट धुतले जायचे. ती बिचारी शेजारणीची परात मागून भाकरी करायची आणि प्रत्येक भाकरीबरोबर त्या इंजिनाचा उद्धार करायची.

बाजारात नळीत पेस्ट मिळते, ती फासली की सांधा बंद, सगळे तेच करतात. बिरूला तिचा तिटकारा. "आळशाचा मलम हाय तो," म्हणायचा. पॅकिंगचा कागद झाकणावर ठेवायचा आणि हातोडीनं कडेकडेनं टिकटिक ठोकत तो नेमका त्या आकाराचा कापून काढायचा. दिवसभर टिकटिक, टिकटिक. शेजाऱ्यांची दुपारची झोप गेली. आणि एवढं करून, पहिल्या खेपेला गळालंच. दुसऱ्या खेपेलाही गळालं. पुढचं थांबलं, चेंबरचं थांबलं, पाठीमागचं काही थांबेना. तिथं जी तेलात भिजवलेली दोरी बसवतात ती बाजारातली प्रत्येक तऱ्हेची बसवून झाली.

आणि मग एके दिवशी त्यानं ट्रंकेतनं बापाचं घोंगडं काढलं.

मी समोरच बसलो होतो. त्यानं एका कडेचे धागे उसवले, काळ्या लोकरीचा घट्ट पीळ भरला आणि वाटीत तेलात बुडवून ठेवला. मी म्हणालो, "बिरू, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बापाची एवढीच खूण राहिलीय तुझ्याकडं." तो शांतपणे म्हणाला, "दाजी, ह्या घोंगड्यातनं कवा पावसाचं पाणी आत आलंय का? रातभर माळावर बसायचा आमचा बा. मग तेल कसं येईल भाईर?" मी म्हणालो, "अरे येड्या, पाऊस वरनं पडतो. हा क्रँक फिरतो." तर म्हणतो, "फिरू दे की. मेंढरू काय एका जागी हुबं ऱ्हातंय व्हय?" मी कपाळाला हात लावला. घरी येऊन बायकोला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. असलं तर्कट आमच्याच लोकांच्या डोक्यात निघावं. हजारो इंजिनं बनवणारे मूर्ख, आणि सांगोल्याच्या माळावरचं घोंगडं शहाणं!

पण त्यानं तो पीळ खाचेत बसवला, बोटानं दाबून दाबून, आई बाळाच्या कानाला तेल लावते तसा. बोल्ट आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे. इंजिन परत गाडीत उतरलं. गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं ते चालू करून चांगलं तापवलं, बंद केलं, खाली नवा कोरा पुठ्ठा सरकवला आणि मला फोन लावला. "दाजी, सकाळी या. पुठ्ठा तुमच्या म्होरं काढतो. मग मिस्त्रीला बलवू." आवाज पोरासारखा झाला होता. मी येतो म्हणालो.

मी गेलो तेव्हा पुठ्ठा तसाच होता, आणि शेजारी बिरू.

त्यानंतर माणसं यायला लागली. आमच्याकडं माणूस जिवंतपणी येडा असतो आणि मेला की संध्याकाळपर्यंत संत होतो. ज्यांनी त्या टिकटिकीपायी भांडणं काढली तेच सांगत होते, "हातात विद्या होती वो." एकानं तर "इंजिनांचे डॉक्टर" म्हटलं आणि डोळ्याला रुमाल लावला. त्याच दमात मला बाजूला घेऊन विचारलं, "गाडी भंगारात देणार का?" मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मी बिरूला येडा म्हणत होतो ते तोंडावर म्हणत होतो, मेल्यावर गोडवे गात नव्हतो.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. पांढरे कपडे, मिशा जागच्या जागी. सगळ्यांना नमस्कार करून, येऊन बसायचं सोडून सरळ ट्रककडं गेला. तोपर्यंत त्या पुठ्ठ्याला कुणी हात लावला नव्हता, माझीही हिंमत झाली नव्हती. बिरूनं ज्याच्यासाठी घोंगडं फाडलं ते आता सगळ्यांसमोर, आणि त्याच माणसाच्या हातानं उघडं पडणार होतं. मी म्हणणार होतो, राहू द्या. पण मिस्त्री गुडघ्यावर बसला आणि त्यानं पुठ्ठा ओढून बाहेर काढला.

कोरडा होता. ठणठणीत कोरडा.

मिस्त्रीनं तो उलटा केला, सुलटा केला. इंजिनाच्या पाठीमागं बोट फिरवून बघितलं. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "न्हाई गळत. मी हारलो." आणि मान खाली घालून गेला. मला काय वाटलं ते सांगायला लाज कशाला... मला आनंद झाला. सुतकाच्या घरात, भर माणसांत, मला नाचावंसं वाटलं. मंगल उंबऱ्यात बसली होती. तिनं नुसता पदर सावरला.

दहाव्याला मिस्त्री पुन्हा आला तेव्हा त्याचा वरचा ओठ गुळगुळीत होता. मिशीशिवाय तो सोललेल्या कांद्यासारखा दिसत होता. जेवून गेला. शब्द पाळला खरा, पण म्हणून मी त्याला माफ केलं असं समजू नका.

गेल्या आठवड्यात मंगलकडं गेलो होतो. ट्रक अंगणातच आहे, विकायला ती तयार नाही. बोलता बोलता मी म्हणालो, "काही म्हण मंगल, गड्यानं जिंकलं. घोंगड्यानं तेल अडवलं." ती उठून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते उसवलेलं घोंगडं होतं, घडी घातलेलं. घडीत एक पुठ्ठा होता. मधोमध काळा थेंब, टिकलीएवढा... एकच.

"ह्यास्नी न्हेल्यावर मीच काडला," ती म्हणाली. "इंजिनाचं मागचं बी फडक्यानं पुसलं, दुसरा कोरा घातला."

किती वर्षं थारोळं बघितलं होतं मी, आणि हा एक थेंब. अगदी जवळ आला होता गडी. शेवटी मी म्हणालो, "अगं, पण त्या माणसानं मिशी काढली."

मंगलनं पुठ्ठ्यावरची धूळ पदरानं पुसली, थेंबाला धक्का लागू न देता, आणि तो परत घोंगड्यात गुंडाळला.

"उगवंल की परत," ती म्हणाली. "मिशीच हाय."