वाराचं डोकं

शिंद्यांच्या लष्कर शहरातल्या दाणाओळीत सूर्याजी पगडबंदाला न ओळखणारा माणूस सापडलाच, तर तो बहुधा टोपी घालणारा असायचा. शिंदेशाही पगडी बांधावी ती सूर्याजीनंच. साठ हात चंदेरी कापड, त्याला दोरीसारखा पीळ द्यायचा, पेचावर पेच चढवायचा आणि पुढं पोपटासारखी चोच काढायची. गड्याचं तोंडही चालू, हातही चालू. तासाभरात पगडी उभी. त्याचा पणजा दख्खनेतून फौजेबरोबर आला तो तलवार घेऊन नव्हे, कापडाचं गाठोडं घेऊन. सूर्याजी हे छाती काढून सांगायचा, "डोकी उडवणारे पुष्कळ आले. डोकी सजवणारे आम्हीच."

त्याचंच डोकं फुटलं, ते माकडापायी.

जर्मनची लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. वैशाखाचं ऊन. खळ लावलेलं कापड गच्चीवर वाळत होतं, त्याचं एक टोक माकडानं धरलं. दुसरा कुणी असता तर त्यानं सोडून दिलं असतं. सूर्याजीनं दुसरं टोक धरलं.

"सोड, बेण्या! सरदार जगदेवरावांचं आहे!"

माकडानं ऐकलं. एकदम सोडलं. सूर्याजी उताणा झाला, तो बुटक्या कठड्यावरून थेट शेजारच्या लक्ष्मीकांत भटजींच्या दगडी ओट्यावर.

तीन दिवस शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी इस्पितळात त्यानं डोळे उघडले, बायकोकडं, मंदाताईकडं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "कढई."

शेजारची लीलाताई बरोबर होती. ती म्हणाली, "नशीब समज. तवा नाही म्हणाले."

डॉक्टर म्हातारे होते, सरळ बोलणारे. "मेंदू हादरलाय. आतलं पाणी ढवळलंय, गाळ बसायला महिने लागतील. गोंगाट नको, ऊन नको, एकटं सोडू नका. जमेल तसं हातातलं काम देत जा."

"सगळं पहिल्यासारखं होईल ना?"

"ते मला माहीत नाही, बाई."

घरी आणला तर भांडं वाजलं की सूर्याजी कानांवर हात दाबायचा आणि हाताला लागेल ते भिरकवायचा. मग अख्ख्या ओळीनं आवाज खाली घेतला. भटजींनी देवळाच्या घंटेच्या लोलकाला आपलं जुनं धोतर गुंडाळलं. भाजीवाली दारात येऊन चोरीचा माल विकावा तशी कुजबुजायची, "भाभीजी... भिंडी..." आणि मंदाताईही तशीच कुजबुजत घासाघीस करायची. लीलाताईनं घराघरांत फिरून कुणाच्या दिवशी काय रांधायचं ते ठरवून टाकलं. वीस दिवस मंदाताईची चूल पेटली नाही.

"माझ्याच घरात मी पाहुण्यासारखी बसून राहिले आहे," मंदाताई कुरकुरली.

"मग बसू नको, झोप. आम्ही बसतो यांच्यापाशी."

मंदाताई दुपारची दोन तास झोपली. सूर्याजी पडल्यापासून पहिल्यांदाच.

आषाढात राजवाड्याच्या पोशाखखान्याच्या दरोग्यांचा निरोप आला. दसऱ्याच्या स्वारीला पगड्या लागणार. ललितापंचमीला सूर्याजीनं समोर बसून एक पगडी बांधून दाखवावी. जमलं तर काम त्याचं, नाहीतर दुसरा माणूस नेमू. चार पिढ्यांचं काम! उपाशी कुणी मरणार नव्हतं, ओळ मरू देणार नव्हती. पण पगडी गेली तर या माणसाजवळ उरतं काय, हे मंदाताईला कळत नव्हतं.

तिनं पगडी बांधायचं लाकडी डोकं त्याच्यापुढं ठेवलं. पीळ झकास पडला. पहिला पेच बसला, दुसरा बसला. तिसऱ्याला हात थांबला. डावीकडं घ्यायचा की उजवीकडं? सूर्याजी घामाघूम झाला. शेवटी लाकडी डोकं दारातून बाहेर गेलं आणि गडगडत ओळीच्या टोकाला पोचलं.

ते उचलून आणलं भटजींनीच. म्हणाले, "वहिनी, मी लहानपणी वारानं जेवून शिकलो. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. सात घरांनी हा देह पोसला. सूर्याजीरावांना तसे वार लावू. जेवणाचे नव्हेत, डोक्यांचे. रोज एक डोकं."

सोमवारी भटजी स्वतः बसले. पगडी शेंडीवरून घसरून कानावर आली. भटजी म्हणाले, "वा, सूर्याजीराव! सुरेख!" मंगळवारच्या डोक्यानं सांगितलं, "फार छान." बुधवारचं तर म्हणालं, "आधीपेक्षाही बरी!" आणि जो तो कोपऱ्यावर वळला की पगडी उतरवून काखेत मारायचा. तीन आठवडे हे गोड बोलणं चाललं. पगडी होती तिथंच.

मग एकदा सूर्याजीनं खिडकीतून भटजींना पगडी काखेत मारताना बघितलं. दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सगळे माझ्याशी खोटं बोलतात."

पडल्यापासून एकही शब्द न हरवलेलं ते त्याचं पहिलं वाक्य. मंदाताईला हसावं की रडावं कळेना. तिनं पदर खोचला आणि ओळीच्या टोकाला विश्वासराव दफेदारांच्या दारात गेली. दफेदार रिसाल्यातनं निवृत्त झालेले, जर्मनच्या लढाईत जाऊन आलेले. टक्कल चकचकीत आणि जीभ अशी की आजाऱ्यापाशी नको म्हणून ओळीनं त्यांना वारच दिला नव्हता.

"दफेदार, तुमचं डोकं पाहिजे."

"कापून देऊ?"

"नको. धडासकट चला."

दफेदार बसले. तिसऱ्या पेचाला सूर्याजीचा हात उजवीकडं वळला, तसे ते कडाडले, "आरं डावीकडं! बैलाला कळतंय डावं-उजवं, तुला कळंना व्हय? तीस वर्सं पगडी घातलीय म्या. कुठला पेच कुठं बसतोय ते टाळक्याला समजतंय!"

"गप बस!" सूर्याजी लाल झाला. "तू... तू... कढई!"

"कढई तुझा बाप!"

दाराआड मंदाताईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पण पेच डावीकडं गेला आणि बसला.

चोच मात्र वाकडी झाली. दफेदारांनी पगडी उतरवली नाही. तशीच नया बाजारातून मिरवून आणली आणि परत येऊन सांगितलं, "कापडवाला पुसत हुता, दफेदारजी, ये पगडी है या घोसला?"

सूर्याजी हसला. वैशाखानंतर पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्या दिवसापासून वाराला नियम पडला. पगडी दिवेलागणीपर्यंत डोक्यावर राहील आणि बाजार जे बोलेल ते सूर्याजीला जसंच्या तसं सांगायचं. श्रावणभर दाणाओळीचे बाप्ये डोक्यावर घरटी घेऊन हिंडले. भटजींना खरं बोलणं जड जायचं, पण तेही शिकले. "सूर्याजीराव, आज फारच वाईट आहे हो."

"माहीत आहे," सूर्याजी म्हणायचा. "उद्या या."

भादव्यात घरटं पगडीसारखं दिसायला लागलं. तरी तिसऱ्या पेचाचा भरवसा नव्हता. लीलाताईनं हळूच सुचवलं, "अगं, पीळ देऊन तुझा जन्म गेला. तूच बांधून दे घरून, ते तिथं नुसती चोच काढतील."

"आणि मग डोकं कुणाचं बरं झालं म्हणायचं?" मंदाताई म्हणाली. विषय संपला.

ललितापंचमीला पोशाखखान्यात सूर्याजी बसला. पुढं जगदेवरावांच्या मापाचं लाकडी डोकं. मंदाताई डोक्यावरून पदर घेऊन दाराशी उभी. पहिला पेच. दुसरा. हात थांबला. सूर्याजीनं लाकडाकडं बघितलं, मग दरोग्यांकडं.

"हे बोलत नाही."

"काय बोलत नाही?"

"लाकूड."

दरोग्यांनी भुवया चढवल्या. मंदाताई पुढं झाली. "साहेब, त्यांना बोलणारं डोकं लागतं. आणलंय. माप जगदेवरावांचंच आहे, मी दोरीनं मोजलंय."

बाहेर टांग्यात बसलेले दफेदार आत आले, आपला साफा सोडून मांडीवर घेतला आणि टक्कल पुढं केलं.

"सरदारांची पगडी या टकलावर?" दरोगे म्हणाले.

"लढाईवर जाऊन आलंय, साहेब. आन् सकाळीच धुतलंय."

पुन्हा पहिला पेच, दुसरा पेच. तिसऱ्याला हात घोटाळला. दफेदारांचं तोंड उघडलं, पण समोर दरोगे. ते घसा साफ करून म्हणाले, "अहो सूर्याजीराव... जरा डावीकडून घेता का?"

सूर्याजी चक्रावला. हा कोण बोलतोय? त्यानं वाकून दफेदारांच्या तोंडाकडं बघितलं. "असा काय बोलतोस? शिवी दे."

मंदाताईनं डोळे मिटून घेतले.

दफेदारांनी दरोग्यांकडं बघितलं. "हुकूम असंल तर?"

दरोग्यांनी एकदा दाराकडं बघितलं. "द्या."

दफेदारांनी जी दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही. पेच डावीकडं गेला. चौथा त्यावर बसला, पाचवा, सहावा, आणि दुपार कलली तेव्हा चोच सरळ नाकाच्या रेषेत उभी होती. पूर्वी तासाभराचं काम, आता तीन तास लागले. दरोग्यांनी पगडी हातात घेऊन फिरवली, आतून अंगठा दाबून बघितला.

"काम चोख आहे. पण एका दिवसात आठ सरदारांच्या पगड्या या चालीनं होणार नाहीत."

"एक द्या," सूर्याजी म्हणाला. "जगदेवराव. त्यांना घाई नसते."

दरोगे हसले. सात दुसऱ्याकडं गेल्या, एक राहिली. त्या एका पगडीवर सूर्याजीनं पुढं अठरा दसरे काढले. ऊन त्याला कधीच सोसलं नाही, नावं ऐन वेळी हरवायची आणि चिडला की समोरचा कुणीही असो, कढईच व्हायचा. दसरा जवळ आला की दफेदार मात्र न बोलावता टक्कल धुऊन यायचे.

पण ते पुढचं. त्या दिवशी टांगा परत निघाला तेव्हा दफेदार बोडक्या डोक्यानं बसले होते, साफा मांडीवर तसाच. सणाच्या दिवसांत बोडक्यानं बाजारातून कसं जायचं? सूर्याजीनं साफा उचलला आणि हिंदकळत्या टांग्यात बांधायला घेतला. तोंडानं त्या माकडाची गोष्ट चालू, की चूक त्याची नव्हतीच, बिचाऱ्यानं सांगितल्याबरोबर सोडलं. मंदाताई समोर बसून पेच मोजत होती. पहिला. दुसरा. तिसरा डावीकडं गेला.

दफेदार डोळे मिटून बसले होते.

"दफेदार, गप का?" मंदाताईनं विचारलं.

"बोलण्यासारखं काय केलंच न्हाई त्यानं."