उजवीकडून निसटणारी नजर

शनिवारी माझ्याच चित्रासमोर मला दरदरून घाम फुटला. सुरतेत एका छोट्या गॅलरीत आम्हा चौघी मैत्रिणींचं प्रदर्शन होतं. उद्घाटन तोंडावर आलेलं... आणि नवागामहून आई निघालेली.

प्रदर्शनात लागलेलं माझं चित्र आई पहिल्यांदाच बघणार होती. ज्यात माणूस नाही, झाड नाही, त्यात बघायचं काय, हा तिचा नेहमीचा प्रश्न. आमचं यावरून बरंच वाजलंय.

चित्रात डावीकडून खालून एक जाड काळा पट्टा तिरका वर जातो. वर, उजव्या कडेपाशी लाल त्रिकोण. घरच्या खोलीत सगळं छान वाटायचं. इथे लांबून बघितलं, तर नजर पट्ट्यावरून वर जाते, त्रिकोणाच्या टोकावरून सटकते आणि थेट शेजारच्या खिडकीत! खालची राखाडी वर्तुळं, ज्यांच्यासाठी मी चित्र काढलं, ती कुणी बघतच नव्हतं.

उजव्या कडेला एक उभी रेघ हवी होती. नजरेला अडवून खाली वळवणारी.

मी टेप आणि पिवळा रंग काढला. गॅलरीवाल्या हेतलबेन धावत आल्या. "बेन, हवे रहेवा दो! बगडी जशे!"

"बिघडलं तर चित्र उतरवून ठेवू," माझा नवरा संदीप म्हणाला आणि त्याने कॅनव्हास घट्ट धरला.

कडेला टेप चिकटवून सरळ रेघ मारली. टेप ओढली... आणि तिच्याबरोबर नखाएवढा जुना रंगही निघून आला. खाली पांढरा कॅनव्हास. जिन्यात पावलं वाजायला लागली होती. मी बोटानेच तिथे पिवळा रंग दाबला. रेघ तेवढ्या जागी जाड झाली.

मागे वळले तर दारात आई.

ती चित्रासमोर थांबली. मी तिचे डोळेच बघत होते. पट्ट्यावरून वर... त्रिकोण... रेघेपाशी नजर अडली... आणि हळूहळू खाली उतरली. वर्तुळांपाशी थांबली. मग पुन्हा वर गेली.

"माले काही समजनं नही," ती म्हणाली. "पन देखतच ऱ्हायनू."

इतकी वर्षं मी तिला चित्र समजावत बसले होते. तिला फक्त चित्रासमोर थोडा वेळ थांबवायचं होतं... एवढंच मला सुचलं नव्हतं.