चाळलेली वाळू

कुवेतमधल्या आमच्या साइटवर नव्या इमारतीच्या कामाचा शुभारंभ होता. पाहुणे फावडं मारणार त्या जागी एक मजूर सकाळपासून उकिडवा बसून वाळू चाळत होता. पन्नाशीचा, कंपनीच्या निळ्या कपड्यांतला. तांदूळ निवडावेत तसा एकेक खडा वेचून बाजूला ठेवी.

"इतकी कशाला चाळताय?" मी विचारलं.

मराठी ऐकून त्यानं वर पाहिलं. "साहेबाचं फावडं अडकायला नको."

तो कर्जतकडचा निघाला. मी पुण्याचा म्हटल्यावर म्हणाला, "म्हणजे आमच्या घाटातनं ये-जा तुमची. इंग्रजानं तिथं रेल्वेचं काम काढलं, तेव्हा गोऱ्या साहेबानं चांदीच्या फावड्यानं पहिली माती उचलली. ती माती आदल्या दिवशी आमच्या खापरपणज्यानं खणून मऊ करून ठेवलेली. घरात अजून सांगतात."

"मग त्यांनी गाडी पाहिली का?"

"नाही. बोगद्यात सुरुंग उडाला, त्यात गेला. चांदीचं फावडं तेवढं पाहिलं त्यानं."

पाहुणे आले. फावडं अलगद आत गेलं. टाळ्या वाजल्या, माझ्याही. तो मागे दोरीपलीकडे हात बांधून उभा होता.

मंडळी पांगल्यावर त्यानं गालिचा गुंडाळला, वाळू परत गोणीत भरली. "पुढच्या कार्यक्रमाला लागते," म्हणाला. मग त्याच जागी पाय रोवून त्यानं कुदळ मारली. खालची जमीन दगडासारखी होती. कुदळ उसळून परत आली. त्यानं झिणझिणलेले हात झटकले आणि कुदळ पुन्हा उचलली.

फोटोवाला केव्हाच गेला होता.